जावयाचं कलम

"तुमच्या तैवानवरचा कायदा मी वाचला," शशिकांत इंग्रजीत म्हणाले, आणि लगेच त्यांना वाटलं, सुरुवातच चुकली.

हातात तांब्याचं ताट होतं. ताटात अनारसे आणि नवा चांदीचा दिवा. समोर केविन उभा होता. तो गाडी धूत असताना त्यांच्या मुलीनं, निधीनं त्याला आत बोलावलं होतं.

चार वर्षांपूर्वी निधीनं तैवानच्या या मुलाशी फ्रीमाँटमध्ये कोर्टात लग्न केलं, तेव्हा शशिकांतांनी पुण्याहून फोनवर सांगून टाकलं होतं, "माझ्या लेखी हे लग्न झालंच नाही." बोलून तर गेले, पण बोललेलं परत कसं घ्यायचं, ते त्यांना कुठल्याच पुस्तकात सापडेना. यंदा त्यांच्या पत्नीनं, वीणाताईंनी परस्पर तिकिटं काढली म्हणून ते अमेरिकेत आले. राहायला केविनच्याच घरात. रोज लायब्ररीत सोडायला केविन, आणायला केविन. वाटेत कुणी मराठी माणूस भेटला की शशिकांत घाईनं ओळख करून देत, "हे निधीचे मित्र." केविनला मराठी बेताचंच येई. तो हसून नमस्कार करी.

आज अधिक महिन्यातला रविवार. सकाळीच वीणाताई म्हणाल्या होत्या, "वाण जावयाला देतात. आपल्याला जावई आहे की नाही, ते तुम्ही ठरवा. अनारसे मी तळतेच आहे."

शशिकांतांनी घसा खाकरला. "अमेरिका तैवानला देश म्हणून मान्यता देत नाही. तिथं तिची वकिलात नाही. नुसती एक संस्था आहे, तीच व्हिसाचं बघते."

"हो बाबा. तिथल्या रांगेत मी उभा राहिलोय."

"पण कायद्यात एक कलम आहे. अमेरिकेच्या कायद्यांत जिथं जिथं परदेशांचा उल्लेख येईल, तिथं तैवानही धरावा."

"बाबा, अनारसे गार होतायत यार," निधी म्हणाली.

"तेच सांगतोय." शशिकांतांचे कान लाल झाले. "तसंच आमच्या रीतीत जिथं जिथं जावई म्हटलंय, तिथं तुला धरावं. असं आपलं मला वाटतं."

त्यांनी ताट पुढे केलं. 

केविननं ओले हात शर्टाला पुसले, दोन्ही हातांनी ताट घेतलं आणि वाकला. दिवा पाहिल्यावर त्याचा चेहरा उजळला. "एक मिनिट," म्हणत तो जिना चढून गेला. त्याच्या खोलीत आजोबांचा फोटो होता. फोटोसमोरचा चांदीचा दिवा घेऊन तो खाली आला आणि नव्या दिव्याशेजारी ठेवला. जुना दिवा रोज लावून काळवंडला होता.

"आता जोडी झाली, बाबा. हा गेल्या अधिक महिन्यात तुम्हीच पाठवलेला."

शशिकांतांनी वळून पाहिलं. वीणाताईंना कढईतून मान वर करायलाही सवड नव्हती.