पेटीवर टाचलेल्या ओळी

“टाचण्या जरा बेतानं टोचा. कापड गावाचं आहे, अजून कितीजणांवर घालायचंय ते,” चर्चचा राखणदार पुटपुटला.

काळ्या कापडाखाली हेप्झिबाची शवपेटी होती. रिवाजाप्रमाणे ज्यांना सुचल्या त्यांनी तिच्यावर चार ओळी लिहून आणल्या आणि कापडावर टाचल्या. शाळामास्तरांच्या ओळींत ती आज्ञाधारक होती. पाद्री वॉडलिन यांच्या ओळींतही. मधली जागा नवऱ्यासाठी मोकळी ठेवली होती.

नवरा म्हणजे जेबेझ थर्लो, गावचा कवी. घरात कुणी गेलं की माणसं त्याच्याच दाराशी यायची. तो मान हलवत ऐकायचा. पलीकडे कणीक मळता मळता हेप्झिबा विचारायची, “जेवायला काय आवडायचं त्याला? हसायचा कसा?” मग दफनाच्या वेळी जेबेझ कविता घेऊन यायचा, खाली स्वतःचं नाव घातलेली. त्याच्या काही कविता तर बॉस्टनला काळी चौकट घालून छापल्या गेल्या होत्या.

“आणलीत का?” पाद्रींनी हळूच विचारलं.

“दुःखात नाही हो सुचत माणसाला,” मागून कुणीतरी सांभाळून घेतलं.

“आणलीय,” जेबेझ म्हणाला. त्यानं कागद पुढे केला. पाद्रींनी तो टाचला आणि मोठ्यानं वाचायला घेतला.

“गेली हेप्झिबा थर्लो, तळ्याची वाट धरून,
ओले जोडे दाराशी, कुणी ठेवले ना आवरून...”

हेप्झिबा तापानं गेली होती, अंथरुणात.

पाद्रींनी पुढची ओळ नजरेनं वाचली आणि ते थबकले. भिंतीपाशी बसलेल्या म्हाताऱ्या डॉर्कसनं ती पूर्ण केली. तिला कागद लागला नाही.

“चूल विझवू नको आई, येतो म्हणाला फिरून.”

डॉर्कसचा मुलगा एझ्रा तळ्यावरचा बर्फ फुटून बुडाला होता, तेव्हाची ही कविता. जेबेझनं तिच्यातलं नाव आणि ‘गेला’चं ‘गेली’ तेवढं बदललं होतं.

खोलीतल्या सगळ्यांनी खाली पाहिलं. मास्तर खोकले. कुणाच्याच चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

“चला, उचलायला घ्या,” पाद्री घाईनं म्हणाले. चौघे पुढे झाले. तोवर डॉर्कस काठी टेकत पेटीशी आली होती. तिनं त्या कागदावर पंजा ठेवला.

“डॉर्कसकाकू, आज नको,” जेबेझ म्हणाला. आवाज विनवणीचा होता.

“मग कधी रे? उद्या ती मातीत असेल, आणि कागदावर तुझं नाव असेल. कायमचं.”

“लोक आहेत, काकू.”

“लोकांचं काय सांगतोस? मी तुझ्या दारातून निघताना तू नुसता ‘वाईट झालं’ म्हणालास. एझ्राचे जोडे कुठे आहेत, हे विचारायला हेप्झिबा माझ्या मागोमाग आली होती. पिठाचे हात तसेच घेऊन.”

पेटीला हात लावलेले चौघे तसेच वाकून उभे राहिले.

डॉर्कसनं कागद सोडवला, घडी घातली आणि पदराखाली दिवा धरावा तसा शालीखाली धरला.

“हे तिनं माझ्या पोरावर लिहिलं होतं, जेबेझ. या गावात जो गेला, त्याच्यावर तिनंच लिहिलं. आता तिच्यावर लिहायला तेवढं कुणी उरलेलं नाही.”