साहेबिणीची पसंती

साहेबिणीने घमेल्यात तोंड घातलं आणि मालकांनी रोखून धरलेला श्वास सोडला.

साहेबीण म्हणजे गोदामामागे बांधलेली तांबडी गाय. नाकाने कांदे सोलणारी. पशुखाद्याच्या त्या कारखान्यात मिश्रण बदललं की पहिलं घमेलं तिच्यापुढे जायचं. तिने नाक मुरडलं तर माल फाटकाबाहेर पडायचा नाही. नियम फॉर्म्युलावाल्या बाईंचा. कशात काय आणि किती घालायचं ते बाई ठरवत, आणि बाईंचं बरोबर की चूक ते गाय ठरवी.

बदल करणं भागच होतं. महिन्याभरात सोयापेंड दीडपट महागली होती. पोत्याचा भाव वाढवला तर गोठेवाले आप्पा दुसरा कारखाना बघणार, आणि एकशेचाळीस गाईंचं ते गिऱ्हाईक तुटलं तर एक पाळी बंद करून बारा माणसांना घरी बसवावं लागणार. म्हणून सोया कमी करून स्वस्तातली मोहरीची पेंड वाढवली होती. कागदावर प्रथिनं तेवढीच, भाव जुनाच. अडचण एवढीच, की मोहरीची पेंड कडवट. परवा साहेबिणीने नुसतं हुंगून तोंड फिरवलं. काल मळी वाढवून गोड केलं, तरी तेच.

आज मात्र ती मिटक्या मारत खात होती, आणि नेमके आप्पा समोर उभे होते.

“झकास!” आप्पा म्हणाले. “भरा गाडी.”

मालक हसले, पण जरा ओशाळंच. कारण सकाळपासून साहेबिणीला चाऱ्याची काडी मिळालेली नव्हती. वॉचमनला तशी ताकीद त्यांनीच दिली होती.

बाई घमेल्याकडे बघतच नव्हत्या. गाईच्या डाव्या अंगाला, बरगड्यांमागे खळगा पडला होता. त्यात त्यांनी मूठ ठेवून पाहिली. मूठ अख्खी मावली.

“हिला चारा घातला नाही?”

वॉचमनने मालकांकडे पाहिलं. मालकांनी आभाळाकडे.

“अहो बाई, खातेय ना ती!”

“उपाशी असताना ती माझी चप्पलसुद्धा खाईल, मालक. आप्पा काय गाई उपाशी ठेवतात?”

त्यांनी घमेलं ओढून घेतलं आणि हिरव्या चाऱ्याचा भारा गाईपुढे टाकला. आता तिचं पोट भरेपर्यंत थांबायचं. आप्पा एका पोत्यावर बसले. गाडीवाला गाडीत आडवा झाला. मालकांनी मनातल्या मनात बाईंना शिव्यांची लाखोली वाहायला घेतली. पण मका कडाडला तेव्हा याच बाईंनी तांदळाच्या कण्यांवर अख्खं वर्ष निभावून नेलं होतं आणि एका गोठ्यातून तक्रार आली नव्हती, हे त्यांना मध्येच आठवलं. मग शिव्याही नीट जमेनात.

तासाभराने साहेबीण खाली बसली आणि निवांत रवंथ करू लागली. बाईंनी तेच घमेलं पुन्हा तिच्या तोंडाशी धरलं.

तिने हुंगलं. एक मोठा फुत्कार टाकला आणि मान भिंतीकडे वळवली.

“नाही आवडलं,” बाई शांतपणे म्हणाल्या. मग आप्पांकडे वळल्या. “आज माल देत नाही आप्पा. कॉम्प्युटर म्हणतो चालेल, पण त्याला जीभ नसते. हे तुमच्या गाई गव्हाणीत तसंच ठेवतील आणि आठवड्यात दूध घटेल. मोहरी निम्म्यावर आणते, चार दिवस द्या. पण जुन्या भावात बसणार नाही. शंभराला चार जास्त पडतील.”

मालकांनी डोळे मिटले. बारा माणसांपैकी कोणाला आधी सांगायचं, याचा विचारही त्यांच्या मनात सुरू झाला. आणि गंमत म्हणजे बाईंचा राग येत नव्हता. आपल्या पोटावर पाय देऊन खरं बोलणारं माणूस आपल्याच कारखान्यात आहे, याचा त्यांना चक्क अभिमान वाटला. हे असल्या वेळी वाटावं, याचंच त्यांना नवल वाटत होतं.

आप्पा उठले, धोतराला लागलेला भुसा झटकला.

“या किती वर्षं आहेत तुमच्याकडे?”

“नऊ.”

“चार दिवसांनी गाडी पाठवतो,” आप्पा म्हणाले. निघता निघता थांबले. “आणि मालक, इथून पुढे भाव तुम्ही नका सांगू. यांना सांगू दे. म्हणजे मला घासाघीस करायला नको.”