घाट उतरेपर्यंत

मोबाइल टुणटुणला तशी भागीरथा गॅस बारीक करून बाहेर आली.

"कुठला आहे?"

रश्मीने मांडीवरच्या नीतूला सावरत मेसेज वाचला. "राजनांदगावचा नाका, आई. आत्ताच टोल कापला."

"राजनांदगाव तं इथंच आहे," भागीरथा सुनेला म्हणाली आणि तिथेच बसली.

ट्रकच्या फास्टॅगला राजकुमारने बायकोचाच नंबर दिला होता. तो कोणत्याही नाक्यावरून गेला की रिसालीच्या या दोन खोल्यांत मेसेज येऊन पडायचा. सकाळी प्लांटातून लोखंडी पत्र्याची अवजड गुंडाळी, कॉइल, भरून तो पुण्याकडे निघाला होता. देवरीच्या पुढे घाट लागतो. घाट उतरला की साकोलीचा नाका. त्या मेसेजची दोघी वाट पाहत होत्या.

दारातून शेजारची कांता आत आली. ओच्यात मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा होत्या.

"काय वो, सासूसुना फोनपुढं बसून राहिल्या? पिक्चर लागला का?"

"ट्रक घाटाकडं निघाला," रश्मी म्हणाली.

"त्या घाटाचं नाव नको घेऊ बाई. आमचे हे सांगून राहिले होते, एका ट्रेलरवाल्यानं तिथं ब्रेक मारला, तं मागची कॉइल सुटून सीधी केबिनमधी. डायवरचं काहीच..."

"कांता," भागीरथा म्हणाली. "लेकरापुढं नको."

कांताने जीभ चावली. शेंगा परातीत ओतून ती मोडायला बसली. भागीरथाही बसली, पण तिचं डावं मनगट जुनं मोडलेलं होतं, वाकडंच जुळलेलं. शेंग तिच्या हातातून निसटत होती.

नीतू किरकिर करत होती. दात येत होते. रश्मी तिच्या हिरडीवरून बोट फिरवत काहीतरी पुटपुटत होती, अर्धं गाणं, अर्धी समजूत. एवढ्यात बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. लांब, दोनदा. नीतू एकदम गप्प झाली. तिच्या मुठीत आईचा पदर घट्ट आवळला गेला.

"पाहा पाहा, बापाचा हॉर्न वाटला तिले!" कांता हसली. "कशी चूप झाली चिमणी."

रश्मी खिडकीपाशी गेली. सिमेंटचा ट्रक होता. मरोद्याच्या रस्त्याला वळला. तिने नीतूच्या टाळूवर ओठ टेकवले आणि कितीतरी वेळ तसेच ठेवले.

"मागच्या फेरीले राजकुमार राजनांदगावलेच ट्रक लावून, कोणाच्या तरी मोटरसायकलवर वापस आला होता ना?" कांता म्हणाली. "बायकोबिगर करमत नाही गड्याले. नाही तं आमचे हे! ड्यूटीवर गेले का घर कोणत्या गावात आहे तेच विसरते."

रश्मी हसली. भागीरथा हसली नाही.

फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. राजकुमारचा घामेजला चेहरा, मागे ढाब्याचा पत्रा.

"कुठं आहेस?"

"घरीच."

"दाखव."

रश्मीने फोन फिरवला. फ्रिज, पाळणा, परात, कांता, सासू. कांताने शेंग हलवून दाखवली.

"जेवले का?" रश्मीने विचारलं.

"जेवलो. देवरीले आहो. नीतूले दाखव." तो पाहत राहिला. "गळली बे ही. आता घाटात नेटवर्क नाही राहत. उतरलो का लावतो. फोन हातातच ठेवजो."

"हो. हळू चालवा."

भागीरथाने मान पुढे केली. "कुठं थांबू नको रे बापू. सीधा जाय. उजेडात घाट उतर."

"हो माय. तू टेन्शन नको घेऊ."

स्क्रीन काळी झाली. बाहेर लूचा गरम वारा सुटला होता. कूलरमधलं पाणी संपून नुसता पंखा खडखडत होता, पण उठून पाणी टाकायचं कोणाला सुचलं नाही.

"मी बसतो इथंच," कांता म्हणाली. "तुमाले तेवढाच धीर."

"तुह्या घरी काम असन," भागीरथा म्हणाली.

"काम तं रोजच आहे."

शेंगा मोडून झाल्या. नीतू दूध पिऊन झोपली. रश्मी फोन पालथा ठेवायची, उलटायची, परत पालथा ठेवायची. साधा टोलचा मेसेज, पण त्या खोलीत जणू कोणी ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी बसलं होतं.

मग टुणटुण झालं.

रश्मीने वाचलं. पुन्हा वाचलं. "साकोली," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी घळघळ वाहू लागलं.

"झालं ना? उतरला ना घाट?" कांताने उठून तिच्या पाठीवरून हात फिरवला. "उगंच जीव टांगून बसल्या माया. पागल आहात दोघी. आता चहा करून प्या मस्त."

हसत हसत ती गेली.

भागीरथाने दाराला कडी लावली. तांदळाच्या पिंपामागून तिने एक पिशवी ओढून काढली. नीतूचे कपडे, दुधाची बाटली, रश्मीचं आधार कार्ड.

"आता ट्रक सोडून पळत आला, तरी इथं पोहोचाले अंधार पडन त्याले. ऑटो मागच्या गल्लीत उभा आहे. माहेरी जाऊ नको, पहिले तिथंच येईन तो. बिलासपूरची गाडी धर. फोन इथं ठेव."

रश्मीने फोन सासूच्या हातात दिला. "उतरलो का लावतो म्हणाले ते."

"लावू दे. मी उचलीन."

"आणि ते वापस आले मंग? तुमाले, आई..."

भागीरथाने झोपलेल्या नीतूला उचलून तिच्या खांद्यावर दिलं. टोपडं कानावर ओढलं.

"जाय," ती म्हणाली. "त्याच्या बापाच्या हातून मले कोणी सोडवलं नाही."