किमियोने रद्द केलेलं ऑपरेशन

"मारायला आणलंस तू मला इथे, किमी! सरळ मारायला!"

गुंगी पुरती उतरली नव्हती, पण हात्सुएची जीभ आधी जागी झाली होती. नुमाझूच्या बंदरावर चाळीस वर्षं मासे वाळवून विकलेली बाई ती. तिचा आवाज वॉर्डाच्या पडद्याआड थोडाच मावणार! पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीने उसासा टाकून कूस बदलली. हात्सुएची धाकटी बहीण किमियो खुर्चीत मान खाली घालून बसली होती. ती नेहमी तशीच बसायची.

हात्सुएचा राग उगाच नव्हता. तिच्या स्वादुपिंडात लिंबाएवढी पाण्याची गाठ निघाली होती. पुढेमागे तिचा कॅन्सर होऊ शकतो, असं गावचे मोठे सर्जन ओगावारा म्हणाले होते. अर्धं स्वादुपिंड कापायचं, सोबत प्लीहाही काढायची, की कटकट मिटली. त्यांनी तारीख दिली. हात्सुएने दुकानाला सुट्टीची पाटी लावली, बॅग भरली. आणि जन्मात कुणाला 'नाही' न म्हटलेल्या या किमियोने परस्पर फोन करून ऑपरेशन रद्द केलं! पुढची तारीख थेट तीन आठवड्यांनी. वर तिने ताईला तासाभरावरच्या शिझुओकाला ओढून आणलं, कसल्याशा नव्या तपासणीसाठी. गोगलगाय आणि पोटात पाय.

"सहा वर्षांपूर्वी तुला अशीच गाठ झाली होती," हात्सुए उठून बसली. "तू नुसती रडत होतीस. हाताला धरून ओगावारा डॉक्टरांकडे कुणी नेलं? मी! 'आधी कापा' कुणी म्हटलं? मी! माझ्यामुळे जगलीस तू. आणि माझी पाळी आली तेव्हा चांगले पांग फेडलेस गं!"

"हो, ताई," किमियो म्हणाली.

"हो काय हो! दगड आहेस का तू?"

किमियो जगली होती, हे खरंच. तिच्या ऑपरेशनच्या दिवशी ओगावारा बाहेर येऊन म्हणाले, "गाठ पूर्ण निघाली. आता काळजी नको." हात्सुए कमरेत वाकून तीनदा नमस्कार करून मोकळी झाली. गाठ कसली होती, हे तिने विचारलं नाही. एवढ्या मोठ्या डॉक्टरांना असं कुणी विचारतं का? अर्धं स्वादुपिंड गेलं, प्लीहाही गेली; मग किमियोला मधुमेह जडला. दिवसातून चार वेळा इन्सुलिन टोचायचं, साधा ताप आला तरी दवाखाना गाठायचा. अंगावर मूठभर मांस उरलं नाही. तिचं शिवणाचं दुकान बंद पडलं. पण जीव तर वाचला! हात्सुए हे गिऱ्हाइकांना सांगायची, देवळाच्या जत्रेत सांगायची, किमियोच्या देखत सांगायची.

तेवढ्यात तिचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. "अगं बाई, पिवळी पडले मी! कावीळ झाली!"

"कावीळ नाही ती." पडदा सारून तपासणी करणारी डॉक्टर मिनेगिशी आत आली. हात्सुएच्या मते ती अजून शाळेतच असायला हवी होती. "शिरेतून रंग दिला होता. उद्यापर्यंत उतरेल. लघवीही पिवळी होईल, घाबरू नका."

"घाबरतंय कोण? मला कापून घ्यायचं होतं, रंगवून नाही!"

डॉक्टरने हातातली छोटी स्क्रीन तिच्यापुढे धरली. "घशातून दुर्बीण जठरात नेली. तिथून सुई गाठीत, आणि सुईतून केसासारखा बारीक सूक्ष्मदर्शक. ही तुमच्या गाठीची आतली भिंत."

काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या रक्तवाहिन्यांची दाट जाळी चमकत होती. रंग तिच्यातून सरसर धावत होता.

"अशी जाळी दिसली की गाठ निरुपद्रवी समजायची. हिचा कॅन्सर होत नाही म्हटलं तरी चालेल. गाठीतलं पाणीही तपासायला पाठवलंय, पण मला शंका वाटत नाही. कापायचं काही कारण नाही. वर्षाने दाखवायला या."

हात्सुएचा राग नव्या दिशेने उसळला. "मग ओगावारा डॉक्टर काय झोपेत बोलत होते?"

"बाहेरून या गाठी सारख्याच दिसतात. कित्येकदा कापल्यावरच कळतं," डॉक्टर म्हणाली आणि मान लववून निघून गेली.

हात्सुएने उशीवर अंग टाकलं. डोळे भरून आले, हसूही आलं. अर्धं पोट रिकामं होता होता वाचलं होतं. आता या मुखदुर्बळ बहिणीला जवळ ओढून घ्यावं, असं तिला फार वाटलं.

"किमी, सगळे 'कापा' म्हणत होते गं. मीसुद्धा. तुला एकटीलाच कसं सुचलं, आधी आत बघून घ्यावं म्हणून?"

किमियोने मान वर केली. तिचा एवढा चढलेला आवाज हात्सुएने जन्मात ऐकला नव्हता.

"कारण माझीही गाठ हीच होती, ताई! कापून झाल्यावर तपासणीच्या कागदावर वाचलं मी. आणि तू बाहेर सगळ्यांना सांगत होतीस, मी किमीला वाचवलं!"