घातक शब्द

"भाषा हा राष्ट्राचा कणा आहे!" चेंगदूच्या दैनिकाचे संपादक लुओ गरजले आणि स्वतःचा कणा सांभाळत खुर्चीत बसले.

समोर उपसंपादक शेन घामाघूम उभी होती. तिच्या बातमीत इंटरनेटवरच्या पोरांचा 'तांग पिंग' हा शब्द छापून गेला होता.

"कुणाकुणाला माहीत आहे हा शब्द?" लुओंनी विचारलं. कचेरीतल्या सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या.

"साहेब, आपल्या वाचकांनाही माहीत नाही," शेन चाचरली.

"मग सावध करा त्यांना! उद्याचा अग्रलेख तुम्ही लिहा. म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही कळेल असा. नाही जमलं, तर परवापासून येऊ नका."

शेनने जीव ओतला. स्पर्धा, धावपळ, लोकांच्या अपेक्षा सोडून माणूस खुशाल आडवा पडतो, त्याला तांग पिंग म्हणतात. हा रोग घराघरात शिरेल, असं तिने उदाहरणांसह लिहिलं.

लुओ खूश झाले. शेनची नोकरी वाचली.

लुओंचा डबा त्यांची ऐंशी वर्षांची आई करायची. तिने चष्मा लावून अग्रलेख वाचला, पुन्हा वाचला आणि गॅस बंद केला. "बाळा, आजपासून मी तांग पिंग."

लुओ आता कँटीनमध्ये जेवतात.