वजन बाजूला ठेवून

कारकूनबाईंनी दहावं नाव वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. म्हणजे यादी संपली.

मास्तर तरीही कान देऊन बसून राहिले. जसं काही अकरावं नाव वाचलं जाणार होतं.

बारकी याही वेळी यादीत नव्हती. आता ती कधीच येणार नव्हती. कालच तिने खेळ सोडल्याची बातमी आली होती, आणि खेळ सोडलेल्यांची नावं पुढच्या महिन्यापासून धरत नसत.

बारकी म्हणजे मास्तरांची एकुलती एक लेक. सगळ्यात हलक्या गटातली, अठ्ठेचाळीस किलोची बॉक्सर. मास्तर जुने प्रशिक्षक. तिला पहिला ठोसा त्यांनीच शिकवलेला. अठरा वर्षं ते या समितीवर होते. समितीत सात जण. दर महिन्याला प्रत्येकाने एक चिठ्ठी आणायची, तीवर आजच्या दहा सर्वोत्तम महिला बॉक्सर लिहायच्या. चिठ्ठ्या बैठकीत मोठ्याने वाचल्या जात, गुणांची बेरीज होई, आणि अंतिम यादी तेवढी बाहेर छापली जाई. प्रश्न एकच असे. वजन बाजूला ठेवलं, सगळ्या जणी एकाच वजनाच्या असत्या, तर कोण कोणाला भारी पडली असती?

हा खेळ मुळात मास्तरांच्या जेवणाच्या टेबलावरचा. बारकी दहा वर्षांची असताना तिची आई गेली, आणि घर दोघांना खायला उठलं. मग बापलेक जेवताना भांडी मांडून बसत. मीठदाणी म्हणजे अमकी, पाण्याचा तांब्या म्हणजे तमकी.

"ही तिला लोळवेल."

"हॅ! तिच्या डाव्या हाताला हिच्याकडे काही उत्तर आहे का, बाबा?"

जेवण गार होऊन जाई, भांडण काही मिटत नसे.

पुढे बारकीच यादीत यायच्या लायकीची झाली आणि मास्तरांची पंचाईत झाली. पूर्वी एका सभासदाने आपली भाची यादीत घुसडली होती, तेव्हा मास्तरांनीच बैठक डोक्यावर घेतली होती. आता स्वतःच्या लेकीचं नाव कोणत्या तोंडाने लिहायचं? बाकीचे सहा जण काही आंधळे नाहीत, ते लिहितील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. दर महिन्याला ते आधी वहीत खरी यादी लिहीत. बारकी तिच्यात कधी पाचवी असे, कधी चौथी, आणि गेली दोन वर्षं तिसरी. मग चिठ्ठी लिहिताना तेवढं नाव गाळून खालच्या सगळ्यांना एकेक पायरी वर चढवत. असं सहा वर्षं चाललं.

तीन वर्षांपूर्वी ते बारकीच्या कानावर गेलं. तिने फोन केला.

"बाबा, तुम्ही मला मत देत नाही, हे खरं?"

"खरं आहे," मास्तर म्हणाले. वहीबद्दल सांगायला ओठ हललेही होते. पण ती सारवासारव वाटेल म्हणून गप्प राहिले. त्याला ते स्वाभिमान म्हणत. होता तो निव्वळ हट्ट.

"बरं," ती म्हणाली. तेव्हापासून दुसऱ्या शहरातून वर्षातून दोनदा तिचा फोन येई. गोळ्या घेता ना, एवढं विचारून ती ठेवून देई. मास्तर त्याच टेबलावर एकटे जेवत. मीठदाणी आता नुसती मीठदाणी होती.

बैठकीतल्या खुर्च्या सरकल्या. मास्तरांनी इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं, ते आज विचारलं.

"तुमच्यापैकी एकालाही ती लायक वाटली नाही?"

शेजारचे डॉक्टर कोट घालता घालता थबकले. "अहो मास्तर, तुम्हीच तिला कधी घेतलं नाहीत! तिला तुमच्याइतकं कोण ओळखतं? आम्ही म्हटलं, बापच लिहीत नाही त्या अर्थी पोरीत काहीतरी खोट असणार, आपल्याला दिसत नाही इतकंच. मी तर दोनदा लिहून खोडलं तिचं नाव."

बाकीच्यांपैकी दोघातिघांनी माना खाली घातल्या.

मास्तर आपलं एक मत स्वच्छ ठेवायला गेले आणि सातही मतं त्यांनीच मारली होती.

भर दुपारी ते घरी आले. चपला न काढताच वही उघडून टेबलाशी बसले. पानामागून पान बारकीचं नाव, त्यांच्याच अक्षरात. काय बोलायचं याची बरीच जुळवाजुळव केली, आणि नंबर लावला तेव्हा त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"बाबा? या वेळी कसा फोन? गोळ्या संपल्या का?"

"तिसरी," मास्तर म्हणाले.

"काय तिसरी?"

"माझ्या यादीत. दोन वर्षं तिसरी आहेस तू. त्याआधी चौथी, पाचवी. सगळं वहीत आहे. चिठ्ठीत लिहिलं नाही, आणि मी लिहिलं नाही म्हणून दुसऱ्या कोणीच लिहिलं नाही. चुकलो मी, पोरी. फार चुकलो."

मास्तर डोळे मिटून फोन ठेवल्याच्या आवाजाची वाट बघत राहिले. त्याऐवजी पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"तिसरी?" बारकी म्हणाली. "पहिल्या दोघी कोण?"