पट्टी कोण काढतं?

"पट्टी लावाल तुम्ही, पण दिवसभरात ती काढतं कोण, त्यावर लक्ष ठेवा," असं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मागच्या खेपेलाच बजावलं होतं. नुरझातने ते कानाआड केलं. ती विद्यापीठात शिकलेली. आपली पोर दिवसाकाठी किती घोट पाणी पिते, तेसुद्धा तिला तोंडपाठ. तिच्या नजरेतून काय सुटणार?

आज तीन महिन्यांनी, नारीन शहरातल्या सरकारी दवाखान्यात, बेगिमाय पुन्हा अक्षरांच्या तक्त्यासमोर बसली होती. पहिलीतली पोर. चष्म्याच्या उजव्या काचेवर चिकटपट्टी. चांगला डोळा झाकला की आळशी डावा निमूट कामाला लागतो. तिने वरच्या दोन ओळी वाचल्या आणि तिसरीला अडली. मागच्या वेळीही तिथेच अडली होती.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा उजेडात धरला. "कडा बघा हिच्या. ही पट्टी दिवसातून दहादा निघते, नुरझात. पोर दुसरीत गेली की हा डोळा कुणाचं ऐकायचा नाही. हेच वर्ष हातात आहे."

नुरझात दाराजवळच्या बाकाकडे वळली. तिथे सासूबाई बसल्या होत्या. घरात सगळे त्यांना एने म्हणत. नुरझात कामावर गेली की पोर त्यांच्याचपाशी असे.

"एने, तुम्हीच काढता ना? नातीची दया येते म्हणून?"

"मी? अगं, तुझ्या त्या पट्टीला हात लावायची माझी काय टाप? घरी आल्या आल्या वासावरून ओळखशील तू."

डॉक्टरीणबाई खाली बघून हसल्या.

"एनेने नाही, मीच काढते," बेगिमाय म्हणाली. "नाहीतर एनेला सुई कोण ओवून देणार? लाल चिंधी कुठली, काळी कुठली, तेही मीच सांगते. पट्टी असली की मला सुईच दिसत नाही."

"गप गं चोंबडे," एने पुटपुटल्या. "थंडीच्या आत गोधडी व्हायला हवी, म्हणून जरा घाई असते."

मागच्याच आठवड्यात गोधडीतल्या लाल पट्ट्यात एक काळी चिंधी दिसली होती. "ही काय नवी फॅशन, एने?" असं नुरझात म्हणाली होती. एनेही हसल्या होत्या.

"एने, तुम्ही या जरा इथे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मला काय धाड भरलीय? दिसतं की सगळं." तरी एने उठल्या. खुर्चीत ताठ बसल्या आणि कुणी विचारायच्या आत खडाखडा सुरू झाल्या, "श, ब. खाली म, न, क." शाळेपासून तोच तक्ता, पाठ कुणाला नसतो?

पण डॉक्टरीणबाईंनी तो मघाशीच उलटवला होता. मागच्या बाजूला अक्षरं नव्हतीच, नुसती तुटकी वर्तुळं होती.

कुणी हसलं नाही. नुरझात खुर्चीपाशी खाली बसली. "कधीपासून, एने?"

"दोन हिवाळे झाले असतील. तुला एका वेळी एकाच डोळ्याची काळजी पुरे, म्हटलं."

नुरझातचं तुम्हाला एवढंच सांगणं आहे. घरातल्या म्हातारीच्या हातात आज औषधाचं पाकीट द्या आणि त्यावरची तारीख वाचायला सांगा. तेवढा वेळ नातवंडांना मात्र बाहेर खेळायला पाठवा.